‘लँड सीडिंग नो’ म्हणजे पेरणी झाली नाही असं नव्हे! आठवड्याला सात इंग्रजी शब्द, तेही हसत-खेळत

आमच्या गल्लीतले आबा परवा सेतू केंद्रातून तणतणतच आले. पीएम किसानचा हप्ता आला नव्हता म्हणून चौकशीला गेले होते. पारावर बसले आणि म्हणाले, “तो पोरगा सांगतोय, लँड सीडिंग नो. अरे, सोयाबीन गुडघ्याला लागलंय आणि हे म्हणतात पेरणीच नाही! या म्हणावं, बांधावर येऊन बघा.”

सगळे हसले, पण आबांचं चुकलं कुठं? सीड म्हणजे बी, हे बियाण्याच्या पिशवीवर दरवर्षी दिसतं. त्यावरून सीडिंग म्हणजे पेरणी, हा हिशोब त्यांनी बरोबर लावला. फक्त सरकारी कॉम्प्युटरच्या भाषेत सीडिंग म्हणजे जोडणी. लँड सीडिंग नो म्हणजे तुमच्या जमिनीची नोंद योजनेच्या यादीला जोडलेली नाही. त्यासाठी सातबारा घेऊन तालुक्याला तहसील किंवा कृषी कार्यालयात जायचं. आधार सीडिंग नो म्हणजे बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही. त्यासाठी बँकेत जायचं. शब्द एकच, पण चकरा दोन वेगळ्या ठिकाणी. शब्द कळला नाही तर २००० रुपयांचा हप्ता अडकतो आणि भाड्याला पैसे जातात ते वेगळेच.

म्हणून आज इंग्रजीबद्दल बोलू. साहेबासारखं फाडफाड बोलायचं नाही. फोनवर, औषधाच्या बाटलीवर आणि पासबुकात जे शब्द रोज दिसतात, तेवढेच शिकायचे.

आपलं घोडं कुठं अडलं?

आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आपल्यासारख्यांनी एबीसीडी पाचवीत बघितली. तीही छडीच्या धाकात. त्यामुळे इंग्रजी म्हणजे नापास व्हायचा विषय, असं डोक्यात बसलं.

पण जरा मोजून बघा. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पंप, पाइप, ड्रिप, ट्रॅक्टर, ट्रॉली, डिझेल. सकाळी शेतात जाईपर्यंत आपण वीसेक इंग्रजी शब्द बोलून मोकळे होतो. इंग्रजांनी पण आपले उचलले आहेत. मुंगसाला ते ‘मंगूस’ म्हणतात, तो शब्द मराठीतूनच गेला. खाटेचं ‘कॉट’ झालं आणि लुटीचं ‘लूट’. तेव्हा लाजायचं कारण नाही, देवाणघेवाण जुनी आहे.

पैशाचे शब्द आधी

बँकेच्या मेसेजमध्ये दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. क्रेडिटेड म्हणजे खात्यात जमा झाले. डेबिटेड म्हणजे खात्यातून गेले. लक्षात ठेवायची सोपी युक्ती: ‘क’ कमावले, ‘द’ दिले. पासबुकात हेच सीआर आणि डीआर असं थोडक्यात छापलेलं असतं.

मी स्वतः यात फसलोय. एकदा मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपयांचा मेसेज आला. मला वाटलं काहीतरी अनुदान पडलं. चहाच्या टपरीवर चौघांना चहा पाजला. संध्याकाळी पोरीनं मेसेज वाचला आणि म्हणाली, “पप्पा, हे डेबिटेड आहे.” जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता कापला गेला होता. विमा मीच घेतला होता आणि मीच विसरलो होतो. चहाचे पैसे वरून गेले.

माझं चहावर निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही. शेजारच्या वस्तीवर एकानं कालवड विकायला काढली, फोटो फोनवर टाकला. गिऱ्हाइकाचा फोन आला, “हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.” स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘पे’ लिहिलेलं होतं. पे म्हणजे द्या. कालवडीचे पैसे यायचे राहिले बाजूला, खात्यातलेच १८ हजार गेले. कालवड दावणीलाच राहिली. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही.

हे पाठ करून ठेवा:

- पे, सेंड: द्या, पाठवा. पैसे तुमच्याकडून जाणार.
- रिसीव्हड: मिळाले.
- पेंडिंग: अडकलंय, वाट बघा. परत पैसे पाठवू नका.
- फेल्ड, डिक्लाइन्ड: व्यवहार झाला नाही.
- अप्रूव्हड / रिजेक्टेड: मंजूर / नामंजूर. रिजेक्टेड दिसलं की खाली ‘रीझन’ म्हणजे कारण लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.
- डू नॉट शेअर: कुणाला सांगू नका. ओटीपीच्या मेसेजमध्ये हे असतंच.

आणि एक नियम: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. तरीही फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

बाटलीवरचा त्रिकोण

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. त्याची कारणं अनेक होती. पण बाटली हातात घेतल्यावर ती किती विषारी आहे, हे तरी आपल्याला वाचता आलं पाहिजे. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो आणि त्याच्या जोडीला एक शब्द:

- लाल: पॉयझन, सोबत कवटीचं चित्र. अत्यंत विषारी.
- पिवळा: इथंही पॉयझन. खूप विषारी.
- निळा: डेंजर, म्हणजे धोका. मध्यम विषारी.
- हिरवा: कॉशन, म्हणजे सावधान. कमी विषारी, पण विषच.

हिरवा म्हणजे सिग्नल सुटला असं समजू नका. शिवाय ‘अँटिडोट’ हा शब्द शोधून ठेवा. विषबाधा झाली तर उतारा काय, ते त्याच्यापुढं लिहिलेलं असतं. दवाखान्यात जाताना बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं ते याचसाठी. ‘एक्सपायरी’ म्हणजे मुदत संपायची तारीख, ती दुकानातच बघायची. ‘वेटिंग पीरियड’ म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे ते.

म्हणींची गंमत

नुसते शब्द घोकून कंटाळा येतो. मग म्हणी घ्या. इंग्रजांची माणसंही आपल्यासारखीच, त्यामुळे अनुभव तोच, फक्त जनावर वेगळं.

आपण म्हणतो बैल गेला आणि झोपा केला. त्यांचा घोडा पळतो आणि मग ते तबेल्याला कुलूप लावतात. आपण बाजारात तुरी असतानाच भांडतो, ते अंड्यातून पिल्लं निघायच्या आधीच मोजायला बसतात. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, ते तव्यातून थेट आगीत. नाचता येईना अंगण वाकडं, याला त्यांच्याकडं वाईट कारागीर अवजाराला दोष देतो.

सोप्या कामाला ते ‘पीस ऑफ केक’ म्हणतात. शब्दशः केकचा तुकडा, अर्थ मात्र डाव्या हाताचा मळ. मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मांजरं-कुत्री पडतात! यातून एक गोष्ट ध्यानात येते. म्हणीचा अर्थ शब्दाला शब्द लावून निघत नाही. आबांच्या सीडिंगचंही तेच झालं होतं.

आठवड्याची पाळी कशी लावायची?

जर्मनीत हर्मन एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विसरण्याबद्दल पुस्तक लिहिलं. पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं. पण थोड्या थोड्या अंतरानं उजळणी केली की टिकतं, असं त्यातून दिसलं. आपल्याला हे नवीन नाही. पिकाला एकदम पाट फोडून पाणी दिलं तर वाहून जातं. पाळीपाळीनं दिलं तर मुरतं.

1. आठवडी बाजाराच्या दिवशी घरातल्यांनी मिळून सात शब्द निवडायचे. आपल्याच फोनमधले, पिशवीवरचे, बिलावरचे.
2. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायचे. मुलांना इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगायचं, शेजारी मराठी अर्थ. ऐकलेला शब्द स्क्रीनवर ओळखता आला तरच उपयोग.
3. रोज एक शब्द. दूध घालायला जाताना, मोटर चालू करताना तो वाक्यात घुसडायचा. “आज लाइट पेंडिंग आहे,” असं म्हटलं तरी चालेल.
4. पुढच्या बाजारच्या आदल्या रात्री परीक्षा. चुकेल त्यानं चहा करायचा. आजीलाही खेळात घ्या, तिच्याकडं म्हणी जास्त असतात.
5. आधीच्या आठवड्याचे दोन शब्द पुन्हा विचारायचे. ही झाली पाण्याची दुसरी पाळी.

एक पथ्य पाळा. चुकणाऱ्याला हसायचं, पण खिजवायचं नाही. खिजवलं की माणूस विचारायचं बंद करतो आणि न विचारता पिन टाकतो.

वर्षाला बावन्न आठवडे, म्हणजे साडेतीनशेच्या वर शब्द होतात. निम्मे विसरले तरी पावणेदोनशे उरतील. सेतू केंद्रात मान खाली घालायची वेळ येणार नाही, एवढे ते पुरतात.

आबांनी सुरुवात केली आहे. काल बँकेत जाऊन आले. विचारलं, काम झालं का? म्हणाले, “आधारचं येस झालं. जमिनीचं पेंडिंग आहे. सोमवारी सातबारा घेऊन तालुक्याला जातो.”

या आठवड्याचे सात शब्द: क्रेडिटेड, डेबिटेड, पेंडिंग, रिजेक्टेड, पे, एक्सपायरी, अँटिडोट. आज रात्रीच घरात विचारून बघा, चहा कोणाकडं लागतो ते.