डिजिटल पाठ: आधी प्रश्न, मग कॅमेरा

महाविद्यालयात ‘ई-कंटेंट तयार करा’ असे पत्रक आले की पहिली धावपळ होते ती कॅमेऱ्याची. स्टुडिओ कधी मोकळा, माइक कुणाकडे, मागचा पडदा कुठल्या रंगाचा, यावर दोन बैठका होतात. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय जमायला हवे, हे विचारायचे राहूनच जाते. खरे तर कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

दूरदर्शन ते ‘स्वयम्’

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. पुढे २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून ‘एनपीटीईएल’ हा ऑनलाइन पाठांचा प्रकल्प उभारला, आणि जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचे उद्घाटन झाले. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना २०१६च्या नियमांनी पदवीच्या एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देता येत होते; २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे हे काम आता हौसेचे राहिलेले नाही. त्यावर कुणाची तरी पदवी उभी आहे.

‘स्वयम्’च्या पाठाचे चार भाग असतात: व्हिडिओ, उतरवून घेता येणारे वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चापीठ. प्रत्यक्षात सगळा जीव व्हिडिओत ओतला जातो आणि चाचणी आदल्या रात्री उरकली जाते. चाचणी आधी लिहून पाहा. सगळा पाठच वेगळा होतो.

एक प्रश्न नीट लिहिताना

अर्थशास्त्रातली मागणीची किंमत लवचिकता घेऊ. कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून २२ झाला आणि मागणी १०० क्विंटलवरून ९६ वर आली. लवचिकता किती? भाव १० टक्के वाढला, मागणी ४ टक्के घटली. ऋणचिन्ह बाजूला ठेवले, तर उत्तर ०.४.

आता चुकीचे पर्याय. इथे मनाला येतील ते आकडे टाकले की प्रश्न वाया गेला. टक्केवारी न काढता सरळ ४ क्विंटलला २ रुपयांनी भागणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. त्यांचे उत्तर २ येते. भागाकार उलटा करणाऱ्यांचे २.५ येते. हेच दोन पर्याय द्यायचे आणि प्रत्येकाखाली वेगळा अभिप्राय लिहायचा. २ निवडणाऱ्याला सांगायचे, ‘तुम्ही बदलांचे थेट गुणोत्तर काढलेत, आता भाव क्विंटलमागे मांडून पाहा, उत्तर तेच येते का?’ ते येत नाही, आणि लवचिकता टक्क्यांत का मोजतात हे त्याचे त्यालाच उमगते. नुसते ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ लिहून हे साधत नाही. मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीत प्रत्येक पर्यायाला असा अभिप्राय जोडण्याची सोय आहे. ती वापरली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण वर्षानुवर्षे वह्या तपासून शिक्षकाला जे कळलेले असते ते उतरवण्याची हीच जागा.

व्हिडिओ किती मोठा?

२०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी विद्यार्थी साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नव्हते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: वर्गातल्या तासाचे चित्रीकरण करून त्याचे तुकडे पाडले तर ते तितके पाहिले जात नाहीत. पन्नास मिनिटांचा तास पाच ठिकाणी कापला म्हणून त्याचे पाच पाठ होत नाहीत. प्रत्येक पाठाला एकच मुद्दा हवा आणि त्यासाठी स्वतंत्र संहिता हवी.

संहितेबाबत आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची पद्धत उचलण्याजोगी आहे. तिथे ध्वनिमुद्रणाआधी संहिता लिहिली जाते आणि विषय नवखा असलेल्या माणसाकडून तपासून घेतली जाते. नवखा जिथे अडतो, तिथेच विद्यार्थीही अडणार. हे पाठ दहाएक मिनिटांचे असतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात.

स्लाइडवर पूर्ण परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवण्याची सवय मात्र सोडायला हवी. ऐकणे आणि वाचणे एकाच वेळी चालू झाले की दोन्हीकडचे लक्ष उडते. स्लाइडवर आलेख असावा, बोलण्यात त्याचे स्पष्टीकरण.

आवाज, आकार, डेटा

चित्र थोडे धूसर असले तरी चालते; आवाज घुमला की विद्यार्थी उठून जातो. पंखा बंद, खिडक्या बंद, कॉलरला साधा माइक, एवढ्याने बरेच भागते. सेकंदाला एक मेगाबिट दराने दहा मिनिटांचा व्हिडिओ ७५ एमबी होतो. तोच पाठ ६४ केबीपीएस ध्वनिफितीत पाच एमबीच्या आत बसतो. तालुक्याच्या गावाहून शिकणाऱ्यासाठी ध्वनिफीत आणि पीडीएफ सोबत ठेवलीच पाहिजे.

चित्रे कुणाची?

वर्गात शिकवताना पुस्तकातला उतारा किंवा आकृती वापरायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तीच आकृती सगळ्या जगासाठी यूट्यूबवर टाकताना ती सवलत गृहीत धरू नये. आकृती स्वतः काढावी किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची घ्यावी आणि श्रेय लिहावे. आपल्या पाठालाही असाच खुला परवाना द्यावा. म्हणजे दुसऱ्या महाविद्यालयातला शिक्षक त्यात भर घालू शकतो.

मराठी मजकूर

आपल्याकडच्या कित्येक चांगल्या नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. त्या मूडलवर डकवल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. शोधात त्या सापडत नाहीत, आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्या वाचूच शकत नाही. स्कॅन करून चढवलेल्या पानांचीही तीच गत. फॉन्ट बदलून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार निसटतात, म्हणून रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते. विभागातल्या दोघा-तिघांनी एकेक प्रकरण वाटून घेतले, तर एका सत्रात एका विषयाच्या नोट्स युनिकोडमध्ये येतात. व्हिडिओची संहिता आधीच युनिकोडमध्ये लिहिलेली असली की मराठी उपशीर्षकांचे कामही निम्मे झालेले असते.