सांडपाण्यावर पोसणारी मासळी

मोरीतून गेलेले पाणी आपण विसरतो. कोलकात्यात मात्र त्यावर मासळी पोसली जाते. तिथली सॉल्ट लेक ही वसाहत १९६०च्या दशकात खारी तळी बुजवून वसवली गेली. तिच्या पूर्वेला उरलेल्या ‘भेरी’ नावाच्या उथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी कालव्यांनी येते. ऊन आणि जिवाणू घाण कुजवतात, शेवाळ वाढते, त्यावर मासे पोसतात. निवळलेले पाणी भातशेतीला जाते. सरकारी अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी कोळ्यांची ही विद्या जगापुढे आणली. १९९२मध्ये उच्च न्यायालयाने येथील भरावाला लगाम घातला. २००२मध्ये या १२,५०० हेक्टर पाणथळीला रामसर दर्जा मिळाला. तरी अतिक्रमणाची टांगती तलवार आहेच. तळी बुजली, तर शुद्धीकरणाचा खर्च आणि महाग मासळी, दोन्ही शहराच्याच माथी!