मांडीची कातडी, गालाचं काम

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, की आम्ही रुग्णाला आणि घरच्यांना समोर बसवून सांगतो : गालाचा किंवा जिभेचा रोगट भाग काढल्यावर तिथं मोठा खड्डा पडेल आणि तो भरायला मांडीचा तुकडा घ्यावा लागेल. यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'डॉक्टर, म्हणजे पायही गेला का?' या भीतीपोटी काही जण दोन-दोन महिने फिरकत नाहीत, आणि तेवढ्यात गाठ वाढते. म्हणून आज या तुकड्याविषयीच बोलायचं आहे.

मुळात खड्डा भरायचा कशाला? कडा ओढून टाके घातले तर? लहान जखमेला ते चालतं. पण सगळा गाल गेला असेल आणि कडा ओढल्या, तर तोंड उघडायचंच बंद होतं. उघडं ठेवावं तर लाळ गळते, घास बाहेर पडतो. शिवाय पुढे किरणोपचार घ्यायचे असतील तर ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. तोवर जखम भरलेली हवी.

भाजलेल्या जागी लावतात तशी नुसती पातळ कातडी इथं पुरत नाही. तिला खालच्या जागेकडून रक्त मिळवावं लागतं, आणि ती आकसतेही. आम्ही घेतो तो 'फ्लॅप', म्हणजे कातडी, चरबी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या असा सगळा संसार. फांदी खोचणं वेगळं आणि मुळांसकट रोप लावणं वेगळं, तसं हे आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्यात झालेल्या नाकाच्या शस्त्रक्रियेचं वर्णन 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान कावसजी याचं टिपूच्या लोकांनी कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा उभं केलं होतं. मात्र त्या कातडीचा देठ कपाळाशी जोडलेलाच ठेवावा लागे. जिथवर देठ पोहोचेल तिथवरच दुरुस्ती. छातीचा स्नायू वर वळवून घेण्याची पद्धत 1979 साली प्रसिद्ध झाली, तिलाही हीच मर्यादा आहे. तरी वेळ किंवा साधनं कमी असतील तिथं ती आजही उपयोगी पडते. तिला कमी लेखू नये.

शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आला आणि देठ कापून दुसरीकडे जोडता येऊ लागला. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या फ्लॅपचं वर्णन साँग आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 1984 साली केलं. तो जगभर रुळवण्यात तैवानच्या फू-चान वेई यांचा मोठा वाटा. तैवानमध्ये सुपारी चघळण्याची सवय पसरलेली आहे, तीही बहुधा तंबाखूविना, आणि तोंडाचा कर्करोगही आहे. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असं सांगणाऱ्यांना मी तैवानचं उदाहरण देतो. वेई यांच्या गटाने 2002 साली 672 फ्लॅपचा अनुभव मांडला; त्यांतले 484 डोकं आणि मानेसाठी होते. पूर्ण निकामी झाले ते फक्त 12.

हे काम चालतं कसं? कमरेच्या पुढच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ काढायची. तिच्या मध्याजवळ कातडीला रक्त देणारी दोऱ्याएवढी वाहिनी बहुतेकांत सापडते. बहुधा ती स्नायूतून वाट काढत येते. तंतू बाजूला करत तिला मुळापर्यंत सोडवायचं, हेच खरं चिकाटीचं काम. एक चमू तोंडातली गाठ काढत असताना दुसरा मांडीवर हे करत असतो, म्हणून वेळ वाचतो. मग तुकडा वर नेऊन त्याची रोहिणी आणि नीला मानेतल्या वाहिन्यांना केसाहून बारीक दोऱ्याने जोडतात. चिमटे सोडले की फिकट कातडी गुलाबी होते.

पुढचे दोन-तीन दिवस काळजीचे. पहिल्या दिवशी परिचारिका दर तासाला पाहते. तुकडा निळसर झाला तर रक्त परतायची वाट तुंबलेली, पांढरा पडला तर येणारं रक्तच थांबलेलं. अशा वेळी रात्रीचे तीन वाजले असले तरी रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यायचं. उशीर झाला तर तुकडा हातचा जातो.

आणि पाय? मांडीची मुख्य रोहिणी जागच्या जागी असते. तुकडा आठेक सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल तर जखम सरळ टाक्यांनी मिटते. त्याहून मोठा असेल तर वर पातळ कातडी लावावी लागते. रुग्ण काही दिवसांत चालू लागतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा मात्र राहू शकतो, हे आधीच सांगायला हवं.

तुकड्याचे दोषही आहेत. जाड मांडीचा तुकडा तोंडात गादीसारखा बसतो, नंतर पातळ करावा लागतो. पुरुषांच्या गालात आतून केस येतात. लाजून कोणी सांगत नाही. किरणोपचारानंतर ते बहुधा गळतात. नव्या जिभेला चव नसते, ती स्वतःहून हलतही नाही. उरलेल्या जिभेला बोलणं-गिळणं नव्यानं शिकवावं लागतं. जबड्याचं हाड गेलं असेल तर मांडी पुरेशी नाही; नडगीशेजारचं बारीक हाड घ्यावं लागतं.

तोंड आवळू नये म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. सवय झाली की एक काडी वाढवायची. किरणोपचार संपले तरी हा व्यायाम सोडायचा नाही, कारण आवळणं त्यानंतरही महिनोन् महिने चालू असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)