पाठ झालं, पण राहिलं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत माझा भाचा दोन गुणांनी मागे राहिला. वयाच्या अटीत आता एकच संधी उरलेली. खर्ड्यातल्या आमच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "मामू, रात्री सगळं पाठ असतं, आठवड्यात पुसून जातं." त्याची वही पाहिली. रंगीत रेघांखाली अख्खी पानं बुडालेली!

स्मरणाच्या युक्त्या आपल्याकडे कमी नाहीत. इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा'नं शाळेतच डोक्यात बसतात. आम्हा कवींचा आधार 'यमाताराजभानसलगं'. 'भ' गण हवा असेल तर 'भ'पासून तीन अक्षरं घ्या, भानस. एक गुरू, दोन लघू. आठही गण असे एका ओळीत मावतात. पण अशी अक्षरं क्रम सांगतात, अर्थ नाही. 'पा' म्हणजे पारवा हे ठाऊक नसेल, तर ते अक्षर मुकंच. शिवाय दहा याद्यांच्या दहा मोळ्या बांधल्या, की कुठली मोळी कशाची हे आठवायला अकरावी लागते.

दुसरी युक्ती जागांची. प्राचीन ग्रीक-रोमन वक्ते भाषणाचे मुद्दे ओळखीच्या घराच्या खोल्याखोल्यांतून मनानं मांडून ठेवत. आम्ही गोदावरीच्या उपनद्या वरून खाली अशा गावात मांडल्या. एस.टी. स्टँडवर घोड्यावर बसलेला वर, प्रवरा. किल्ल्याच्या दरवाजात फणा काढलेला नाग, सिंदफणा. बाजारात पुरणपोळी, पूर्णा. वाण्याच्या पोत्यावर मांजर, मांजरा (ही तर शेजारच्या पाटोदा तालुक्यातच उगम पावते). आणि दवाखान्यात प्राणहिता. भाचा पोट धरून हसला. पण चित्र जितकं वेडंवाकडं, तितकं ते चिकटतं.

रोडिगर या मानसशास्त्रज्ञानं 1980 साली विद्यार्थ्यांवर अशा युक्त्या ताडून पाहिल्या. क्रमानं आठवायचं असेल, तेव्हा जागांची युक्ती नुसत्या घोकण्यापेक्षा सरस ठरली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य माणसांनी सहा आठवडे रोज अर्धा तास हा सराव केला. 72 शब्दांपैकी आधी सरासरी 26 आठवत, नंतर 62. मात्र हे सगळं याद्यांचं झालं. 'का' आणि 'कसं' विचारलं, की पोळीही कामाची नाही आणि मांजरही.

भाच्याचं खरं दुखणं तर वेगळंच होतं. तो पुस्तक मिटतच नव्हता. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 साली एक उतारा काही विद्यार्थ्यांना चारदा वाचायला लावला. इतरांना एकदा वाचून तीनदा न पाहता लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

हे वाचून मला मदरशातली मुलं आठवली. कुराण मुखोद्गत करणारं मूल नवा सबक उस्तादांना न पाहता ऐकवतंच, शिवाय मागचे पारेही पुन्हापुन्हा ऐकवावे लागतात. दिवेलागणीला पावकी-निमकी म्हणून घेणारे आजोबाही तेच करत. ऐकणारा समोर असायचा आणि चुकलं की तिथंच थांबवायचा.

आता वही माझ्या हातात असते. परवा भाचा पूर्णेपाशी अडला. मी सांगितलं नाही. डोळे मिटून तो पुन्हा स्टँडपासून निघाला.