भात कितीही, तुकडी एकच! ‘अनलिमिटेड’ होस्टिंगने आपल्या संस्थेला काय शिकवले



‘अनलिमिटेड फिश थाळी’ असा बोर्ड गोव्यात आपण सगळ्यांनी वाचलाय. आत जाऊन बसलो की कळते, भात कितीही, हुमण कितीही, सोलकढीसुद्धा परत मागा. पण तळलेल्या इस्वणाची तुकडी एकच. दुसरी मागितली की वेगळे पैसे. आपण मासेवाले, आपल्याला तुकडीचा भाव ठाऊक असतो, म्हणून कोणी त्यावरून भांडत नाही. पण ज्या धंद्यातला भाव आपल्याला ठाऊक नाही, तिथे असाच बोर्ड वाचून आपण आत शिरतो. संस्थेच्या वेबसाइटचे तसेच झाले. त्यात आपल्या एका सभासदाचे नुकसान झाले आणि त्याला आम्ही कार्यालयातले जबाबदार आहोत. म्हणून हे सगळे नीट लिहून सांगतोय.

वेबसाइट म्हणजे शेवटी फाइली. त्या ज्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्याला सर्व्हर म्हणतात आणि तिथल्या जागेच्या भाड्याला होस्टिंग. स्वस्तातले होस्टिंग ‘शेअर्ड’ असते, म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, जसे एकाच जेटीला अनेक ट्रॉलर. आम्ही तीन कोटेशन मागवली. दोघांनी जागेचा आकडा दिला होता. तिसऱ्याने लिहिले होते, ‘जागा अनलिमिटेड, ट्रॅफिक अनलिमिटेड, ईमेल अनलिमिटेड’, आणि भावही सगळ्यात कमी. संचालक मंडळाने तिसऱ्याला होकार दिला. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले. अटींचे पान कोणीच वाचले नाही. आम्हीही नाही.

पहिला दणका बसला ३१ जुलैच्या संध्याकाळी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि १ ऑगस्टला बोटी निघतात, हे आपल्याला सांगायला नको. त्या संध्याकाळी आपण बर्फ आणि डिझेलचे टोकन नंबर वेबसाइटवर टाकले आणि व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला. पाच मिनिटांत फोन सुरू झाले, ‘पान उघडत नाही’. पडद्यावर ५०८ हा आकडा आणि खाली ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ एवढेच. ट्रॅफिक तर अनलिमिटेड होते ना, मग मर्यादा कसली भरली?

नंतर कळले ते असे. ‘ट्रॅफिक अनलिमिटेड’ म्हणजे महिनाभरात किती डेटा बाहेर गेला ते मोजणार नाहीत. पण एका क्षणाला सर्व्हर आपल्या साइटची किती कामे हातात घेईल ते मोजतात. त्याला ‘एंट्री प्रोसेस’ म्हणतात आणि शेअर्ड होस्टिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी हा आकडा २० च्या आसपास असतो. जेटीवर मासळी कितीही आणा, पण वजनकाटे २० च. आपले पान जड होते, उघडायला चार सेकंद घ्यायचे. २० कामे, प्रत्येकाला चार सेकंद, म्हणजे सेकंदाला पाचच माणसे पुढे सरकणार. त्यात मेसेज पडल्यावर सभासद, खलाशी, व्यापारी सगळे एकदम आले. उघडले नाही म्हणून प्रत्येकाने पुन्हा पुन्हा दाबले. सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्यालाही वेगळी मर्यादा असते. ती भरली की कंपनी आपला वेग कमी करते. चार सेकंदांचे पान दहा सेकंदांवर गेले की पाचाची दोन माणसे झाली. बाकीच्यांना ५०८.

त्या रात्री टोकनची यादी कागदावर लिहून जेटीवरच्या खांबाला चिकटवली. काम झाले. पण लांबच्या वाड्यांवरचे लोक उगीच दोनदा येऊन गेले.

दुसरा दणका ईमेलचा. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आम्ही सहाशेवर सभासदांना एकदम पाठवली. दोनशे गेल्या, बाकी परत आल्या. ‘ईमेल अनलिमिटेड’चा अर्थ एवढाच होता की ईमेलचे पत्ते कितीही उघडा. एका तासात किती मेल पाठवता येतील, त्याचा आकडा अटींच्या पानात होता. शेअर्ड होस्टिंगवर तो तासाला शे-दोनशे ते काही शे असा असतो. कंपनीने हा आकडा ठेवणे चुकीचेही नाही. एकाच सर्व्हरवरून सगळ्यांच्या मेल जातात. एका शेजाऱ्याने जाहिरातीच्या हजारो मेल सोडल्या तर त्या सर्व्हरचे नाव खराब होते आणि आपली नोटीससुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. आपण नोटीस टपालानेही पाठवली होती, म्हणून सभा वाचली.

तिसरा दणका मात्र एका घराला बसला.

जागा अनलिमिटेड आहे म्हणून आम्ही ठरवले होते की सगळ्या सभासदांच्या बोटींची कागदपत्रे तिथेच ठेवायची. रजिस्ट्रेशन, लायसन्स, विम्याची पॉलिसी, जुना सर्व्हे रिपोर्ट, प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून चढवला. १८० बोटी, बोटीमागे साधारण १२ पाने. शिवाय रोजच्या लिलावाच्या पावत्यांचे ४० फोटो.

जागा मोजत नव्हते, पण फाइली मोजत होते. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, प्रत्येक साठवलेली मेल म्हणजे एक नग. त्याला ‘आयनोड’ म्हणतात. आपल्या प्लॅनला अडीच लाख नगांची मर्यादा होती. अडीच लाख म्हणजे कधी भरणार नाहीत असे वाटते. पण आपली साइट वर्डप्रेसवर आहे आणि वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या आकाराच्या प्रती आपोआप तयार करते. हल्लीच्या फोनचा एक मोठा फोटो चढवला की मूळ फोटो धरून आठ फाइली होतात. आता हिशेब करा. पावत्यांचे रोज ४० फोटो, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० फोटो, ९६,००० फाइली. दोन वर्षांत १,९२,०००. कागदपत्रांचे २,१६० फोटो, त्यांच्या १७,२८०. झाल्या २,०९,२८०. त्यावर वर्डप्रेसच्या स्वतःच्या हजारो फाइली, कधीच न पुसलेल्या मेल, साइट वेगाने उघडावी म्हणून साठवलेली तात्पुरती पाने. अडीच लाख कधी ओलांडले ते आम्हाला कळलेही नाही.

कंपनीने इशाऱ्याची मेल पाठवली होती. ती संस्थेच्या ज्या पत्त्यावर आली, तो पत्ता महिनोन्‌महिने कोणी उघडला नव्हता. ही चूक पूर्ण आमची.

जुलैच्या वाऱ्यात आपल्या एका सभासदाच्या बोटीचे दोर तुटले आणि ती जेटीच्या दगडांवर आपटली. विम्याच्या सर्व्हेअरने कागद मागितले. मूळ कागद कर्जासाठी बँकेत, बोटीवरची झेरॉक्स पाण्यात गेलेली. त्यांचा मुलगा कार्यालयात आला आणि म्हणाला, ‘तुम्ही स्कॅन करून ठेवलंय ना, द्या.’ आम्ही साइट उघडली, तर खाते बंद. कारण दोन लिहिली होती. एक, फाइलींची मर्यादा ओलांडली. दोन, वेबसाइटची जागा कागदपत्रे साठवायला वापरली, जे अटींमध्ये मना आहे. हे दुसरे कलम अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये असते. जागा वेबसाइटसाठी कितीही, पण ती गोदाम म्हणून वापरायची नाही. थाळी तिथेच बसून खायची, डबा भरून न्यायचा नाही.

मग आम्ही बॅकअप मागितला. उत्तर आले की ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली असलेल्या खात्याचा बॅकअप कंपनी घेतच नाही. हेही अटींमध्ये होते.

रोज मेल, रोज फोन. नवव्या दिवशी फाइली उतरवण्यापुरते खाते उघडून दिले. कागद मिळाले, सर्व्हे झाला, पण दुरुस्ती मागे पडली. १ ऑगस्टला बाकीच्या बोटी गेल्या, ही जेटीलाच. आगाऊ रक्कम घेतलेले खलाशी काही दिवस थांबले आणि दुसऱ्या बोटीवर गेले. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ दिला, तेव्हाही ती बोट तिथेच बांधलेली होती. त्या कुटुंबाची आम्ही घरी जाऊन माफी मागितली, इथेही मागतो.

कंपन्या असे का करतात? त्यांचा हिशेब सरळ आहे. शंभर गिऱ्हाइकांतली बहुतेक जण थोडीच जागा वापरतात, म्हणून सगळ्यांना ‘कितीही’ सांगता येते. जो खरेच कितीही वापरायला जातो, त्याच्यासाठी अटींचे पान असते. त्यात ‘साधारण वापर’, ‘योग्य वापर’ असे शब्द असतात आणि साधारण म्हणजे किती ते कंपनी ठरवते. दुकानाची चार पानांची साइट असेल तर अशा प्लॅनवर ती वर्षानुवर्षे सुखाने चालते. त्यात खोट नाही. आपली गरज वेगळी होती आणि आम्ही विचारले नाही.

पैशांचेही असेच. जाहिरातीतला भाव पहिल्या मुदतीचा होता. तीन वर्षांनंतर नूतनीकरणाचा भाव दुपटीच्या वर निघाला, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. डोमेन, म्हणजे साइटचे नाव, पहिले वर्षच फुकट होते.

आता आपण काय बदलले ते सांगतो. होस्टिंग बदलले. नव्या प्लॅनमध्ये ‘अनलिमिटेड’ हा शब्दच नाही, प्रत्येक गोष्टीचा आकडा लेखी आहे. भाव थोडा जास्त आहे. टोकनची यादी आता अगदी साध्या पानावर टाकतो, फोटो नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे सर्व्हरला फारसे काम पडत नाही. फोटो लहान करूनच चढवतो. पावत्यांचे फोटो वेबसाइटवर ठेवणे बंद केले. नोटिसा मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेतून जातात. सभासदांची कागदपत्रे वेबसाइटवरून पूर्ण काढली. ती तिथे ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चूकच होती. आता ती दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक कार्यालयात, एक दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक सभासदाला त्याची प्रत पेन ड्राइव्हवर देतोय. ज्यांनी नेली नाही त्यांनी बंदीच्या काळात येऊन न्यावी.

हे एवढे लांबवून लिहायचे आणखी एक कारण आहे. आपल्या घरातली मुले आता होमस्टे, डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या, सुकी मासळी यांच्या वेबसाइट करू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पैसे भरण्याआधी कंपनीला हे प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर लेखी घ्या:

१. फाइलींची, म्हणजे आयनोडची मर्यादा किती?
२. एका वेळी किती एंट्री प्रोसेस? सीपीयू आणि मेमरी किती?
३. तासाला किती मेल पाठवता येतील?
४. बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी, आणि कधी घेणार नाही?
५. ‘कितीही वेबसाइट’ असेल तर वरचे आकडे प्रत्येक साइटला वेगळे, की सगळ्यांत मिळून? बहुतेक वेळा सगळ्यांत मिळूनच असतात.
६. मर्यादा ओलांडली तर आधी इशारा, की थेट बंद? बंद झाल्यावर फाइली उतरवू देणार का?
७. पहिल्या मुदतीनंतरचा भाव किती, जीएसटी धरून?

ज्यांची साइट आधीच चालू आहे त्यांनी कंट्रोल पॅनेल उघडून बघावे. सीपॅनेल असेल तर मुख्य पानाच्या कडेला वापराचे आकडे दिसतात, आपण किती वापरले आणि मर्यादा किती. ज्या कंपनीने जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिले तिच्याच पॅनेलवर खरा आकडा बऱ्याचदा उघडा असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही तो आकडा आता वहीत लिहून ठेवतो, डिझेलच्या नोंदीच्या शेजारी. आणि खात्याला जो ईमेल पत्ता दिलाय तो रोज कोणीतरी उघडतोय ना, ते बघा.

समुद्रालाही आपण अथांग म्हणतो, तरी बोट काढताना डिझेल मोजतो, बर्फ मोजतो, पाण्याचे पिंप मोजतो. इथे आम्ही मोजायचे विसरलो. तुमच्याकडे कोणाला असे कोटेशन आले असेल तर घेऊन कार्यालयात या, सोबत बसून अटींचे पान वाचू.

आपले,
सचिव व कार्यालय