फ्रीजमधल्या बियांना थंडी वाजत नाही

वसई-विरारमध्ये गॅलरीत किंवा अंगणात स्वीट विल्यम लावायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: हे थंड हवेतलं झाड, तेव्हा बी महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे आपल्याकडेही फुलेल. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचा अख्खा हंगाम फुकट जातो. ते बारीक, काळं, चपटं बी रुजायला थंडी लागतच नाही. वीस अंशांच्या आसपास ते आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. थंडी लागते ती फुलायला, आणि तीही वाढलेल्या रोपाला. मुळात ही दक्षिण युरोपातल्या डोंगरांवरची वनस्पती. जुन्या जाती पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुपका करतात, हिवाळा सोसतात आणि पुढच्या वसंतात फुलांचे दांडे काढतात. तो गारवा वाढत्या शेंड्याला जाणवावा लागतो. कोरड्या बियात वाढच थांबलेली, तिथे जाणवणार कुणाला? हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये बी जास्त दिवस टिकतं, एवढाच त्याचा उपयोग.

यावर गव्हाचा दाखला दिला जातो. हिवाळी गव्हाचं बी गारव्यात ठेवून लवकर ओंब्या आणता येतात, हे खरंच आहे. सोव्हिएत रशियात लिसेंको या कृषितज्ज्ञाने त्याचा केवढा गाजावाजा केला होता. पण ते बी भिजवून, अंकुर हलू लागल्यावर गारव्यात ठेवतात. शिवाय गव्हाच्या अंकुराला जे कळतं, ते स्वीट विल्यमला बरीच पानं आल्यावरच कळतं. मग रोप इथल्याच थंडीत वाढवलं तर? जुन्या जातींना पाच-दहा अंशांचा गारवा कित्येक आठवडे सलग हवा. जवळच्या सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असतं. एखाद-दुसरी गार रात्र ही तूट भरून काढत नाही. कुंडीत बर्फाचे खडे टाकणं तर कृपा करून थांबवा: मुळं गारठतात, शेंडा उबेतच राहतो.

‘पण अमक्यांकडे फ्रीजमधलं बी फुललं’, हा शेवटचा मुद्दा. फुललं असेल, ते जातीमुळे. ‘अमेझॉन’ मालिकेतल्या स्वीट विल्यमला गारव्याची अट नाही, पहिल्याच वर्षी फुलतं. ‘टेलस्टार’ हा स्वीट विल्यमचा त्याच्याच भावकीतल्या चिनी डायन्थसशी झालेला संकर, तोही तसाच. नर्सरीत नुसतं ‘डायन्थस’ म्हणून मिळणारं रोप बहुधा या चिनी गोतावळ्यातलं असतं. म्हणून पाकिटावर ‘पहिल्या वर्षी फुलणारं’ असं लिहिलंय का, ते आधी बघा. परतीचा पाऊस थांबला की पेरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारची सावली द्या. जास्त खताने फुलं वाढत नाहीत. नत्राने पानंच माजतात. मे महिन्यात झाड गेलं तर हाताला दोष देऊ नका, आपला उकाडा त्याला सोसत नाही. किनाऱ्याकडच्या विहिरीचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरं पुट धरतंय का, तेवढं पाहा. ते क्षाराचं असतं, तिथे साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी बरं. आणि सुकलेला गुच्छ खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापला, तर त्याच बेचक्यातून पुन्हा कळ्या येऊ शकतात.