पिंपळ काढू की गाळू?

रविवारी सकाळी विरार लोकलमध्ये विंडो सीट मिळाली, इथेच अर्धा वीकेंड वसूल! वसई रोडहून रिक्षाने किल्ल्यात गेलो आणि सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यासमोर वॉटरकलर मांडले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा किल्ला. छप्पर कधीच गेलंय, गिलावा निखळलाय, पावसाने दगड काळे पडलेत. (काळी ट्यूब उघडू नका. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळा, तो काळा बरोब्बर जमतो.) गोची झाली ती भिंतीत उगवलेल्या पिंपळाशी. फ्रेममध्ये सगळ्यात देखणा तोच आणि भिंत फोडतोय तोही तोच! पहिल्या चित्रात गाळला, तर भिंत पुठ्ठ्याची वाटायला लागली. दुसऱ्यात मुळांसकट काढला. ऑफिसात सगळ्यांना तेच आवडलं. 'वॉव, काय झाड आहे!' भिंतीबद्दल कोणीच विचारलं नाही.